पंधरावी विद्यार्थिनी

त्या सोमवारी अल्मेंद्रा कॉलेजात धुकं इतकं दाट होतं की इंग्रजीच्या एक बाई चुकून रसायनशास्त्राच्या वर्गात शिरल्या, वीस मिनिटं शिकवून बाहेर पडल्या, आणि कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. बाईंच्याही नाही.

जानेवारीत खोऱ्यात हे असंच चालतं. दोन्हीकडचे डोंगर धुकं मध्ये कोंडून ठेवतात आणि आठ-आठ दिवस सोडत नाहीत. ओतिलिया सेपेदा एक हात पुढे धरून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी, वाहनतळावरून कामाकडे निघाली होती. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी खाकरलं.

"माफ करा... ट्रान्सफर सेंटर कुठं आहे, सांगाल का?"

"तुम्ही त्यालाच टेकून उभे आहात."

धुकं गप्प झालं. मग पत्र्यावर बोटाने टकटक केल्याचा आवाज आला.

"अरेच्चा. मला वाटलं, ट्रक आहे."

"बऱ्याच जणांना वाटतं. खाली चाकंसुद्धा आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी तात्पुरतं आणून ठेवलंय."

तिने चाचपत कुलूप उघडलं, दिवा लावला आणि मागे वळून पाहिलं. दारात सव्वीसएक वर्षांचा एक तरुण उभा होता. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब. हातात ओली फाईल. आणि अंगाला गवती चहाचा वास. ओतिलियाने मान खाली घालून संगणक सुरू केला. तो सुरू व्हायला चार मिनिटं लागत. एरवी तिला त्या चार मिनिटांचा राग येई.

अल्मेंद्रा कॉलेज दोन वर्षांचं. इथं स्वस्तात पहिली दोन वर्षं काढायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात जाऊन पुरी करायची, अशी सरकारची योजना. कागदावर ती इतकी सुबक दिसते की कागदावरून खाली उतरायला तयारच नसते. कुठला विषय कुठल्या विद्यापीठाला चालतो, कुठला चालत नाही, कुठला गेल्या वर्षापर्यंत चालायचा, याचे तक्ते वाचून मुलांना अलगद पलीकडे पोचवायचं, हे ओतिलियाचं अर्धवेळ काम. आतापर्यंत तिने एकसष्ट जणांना पोचवलं होतं. ती स्वतः पाचव्या वर्षात होती. पहिली दोन वर्षं अभियांत्रिकीत गेली, कारण मामाचं म्हणणं होतं की इंजिनिअरला उन्हात उभं राहावं लागत नाही. मामा जन्मभर उन्हात उभा होता, म्हणून त्याचं म्हणणं घरात सगळ्यांना पटलं. मग तिला उमगलं की तिला शाळेत इतिहास शिकवायचाय. तिथून पुन्हा पहिल्यापासून. आता मात्र नोव्हेंबरात समुद्राकाठच्या विद्यापीठाला अर्ज गेला होता आणि इंग्रजी लेखनाचा एकच विषय उरला होता. तोही याच सत्रात सुरू झाला होता, सोमवार-बुधवार, अकरा वाजता.

"नाव?"

"फेंग. फेंग मुआ. मिस, माझं एकच काम आहे आणि ते होण्यासारखं नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलंय."

"मग योग्य ठिकाणी आलात. इथं तसलीच येतात. बसा."

काम असं होतं. फेंगचाही त्याच विद्यापीठाला अर्ज गेला होता, पाण्याची अभियांत्रिकी शिकायला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गल्लीतल्या सात विहिरी आटल्या. सातवी त्याच्या आईच्या भाजीच्या मळ्यातली. सगळे विषय झाले होते, फक्त डिफरन्शियल इक्वेशन्सचा गणिताचा वर्ग राहिला होता. तो इथे दोन वर्षांतून एकदा निघे. यंदा निघाला होता. पण वर्गात पंधरा मुलं नसतील तर डीनसाहेब शुक्रवारी संध्याकाळी पाचला वर्ग रद्द करत.

"किती आहेत?"

"चौदा."

"आणि रद्द झाला तर?"

"मग मी भावाकडे. तो तुरुंगात आहे."

"अरे... मला माहीत नव्हतं, सॉरी."

"नाही, नाही, नोकरीला. पहारेकरी आहे. माझ्यासाठीही जागा बघून ठेवलीय त्याने. जूनमध्ये प्रशिक्षण. आई खूश आहे. गणवेश, दवाखान्याचा विमा, घरापासून वीस मिनिटं." तो जरा हसला, पण डोळे हसले नाहीत. "तिला खोऱ्याच्या धुळीचा ताप झालाय, फुप्फुसात. तिला मी जवळ हवाय. तिचंही चूक नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला दोन आठवडे रोज एकच स्वप्न पडतंय. मी दार लावतोय. नुसती दारं लावतोय."

ओतिलियाने पेन्सिल उचलली. "शुक्रवारपर्यंत एक माणूस शोधायचाय ना? शोधू."

गणिताची आधीची पायरी पास झालेली आणि या वर्गात बसू शकतील अशी नऊ नावं यादीत निघाली. ती चार दिवस फोन करत राहिली. दोघं गाव सोडून गेले होते. एकीचं लग्न झालं होतं आणि नवरा फोनवर तिच्या वतीने उत्तरं देत होता. एकजण म्हणाला की त्यापेक्षा मी दाढ काढून घेतो, आणि खरोखरच त्या दिवशी त्याची दाढ काढायची होती. चौघांनी फोनच घेतला नाही. नववा फोन आईने उचलला. तो मुलगा डिसेंबरात हमरस्त्यावर धुक्यातल्या अपघातात गेला होता.

"माफ करा," ओतिलिया म्हणाली.

"नाही, फोन केलात, बरं वाटलं. कॉलेजातून कुणी केला नव्हता."

यादीत त्याचं नाव अजून होतं. फी थकली नव्हती. यंत्राने त्याची नोंदणी बिनतक्रार करून घेतली असती.

शुक्रवारी पावणेपाचला फेंग आला. हातात फाईल नव्हती. कागदात गुंडाळलेली एक गवती चहाची जुडी होती.

"हे... आईच्या मळ्यातलं. तुम्ही चार दिवस फोन केलेत म्हणून."

"मिळाला कुणीच नाही."

"माहितीये. तरी चार दिवस मला कुणीतरी शोधतंय असं वाटत होतं. म्हणजे, माझ्यासाठी." तो घाईघाईने म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "येतो, मिस."

"ओतिलिया," ती म्हणाली. "मिस नको. मिस म्हटलं की मला बाक मोजावेसे वाटतात."

"येतो... ओतिलिया."

दार लागलं. चार वाजून अठ्ठेचाळीस. ओतिलिया पडद्याकडे बघत बसली. दहावं नाव यादीत नव्हतं, कारण यादी काढणारी यादीत स्वतःला धरत नाही. अभियांत्रिकीच्या दोन वर्षांत तिने ती पायरी केली होती. तिला ब श्रेणी मिळाली होती आणि अंगावर पित्त उठलं होतं. गणिताचा वर्ग सोमवार-बुधवार अकरालाच होता. पण तिचा इंग्रजीचा विषय मार्चमध्ये पुन्हा निघणार होता, आठ आठवड्यांचा छोटा वर्ग. हा आत्ता सोडायचा, तो तेव्हा घ्यायचा. जमण्यासारखं होतं.

तिच्या डोक्यावर भिंतीला एक फलक होता: हातातला विषय पुढे मिळेल या भरवशावर सोडू नका. अक्षर तिचंच होतं. रोज चाळीस मुलांना ती त्याकडे बोट दाखवी.

चार वाजून छप्पन मिनिटांनी तिने फलकाकडे पाठ केली आणि बटण दाबलं.

सोमवारी गणिताच्या वर्गात फेंगने तिला पाहिलं आणि त्याच्या हातातली पट्टी खाली पडली.

"तुम्ही? इथं?"

"मला गणित आवडतं."

"खरंच?"

"लहानपणापासून."

बेद्रोसियन सर आत आले. वय एकाहत्तर, तीन गावांतल्या तीन कॉलेजांत तासावर शिकवत आणि त्यांचं कार्यालय म्हणजे त्यांची गाडी. मागच्या सीटवर कुठल्या कॉलेजचे पेपर आहेत हे ते पेपरवरच्या डागांवरून ओळखत. त्यांनी बोटाने डोकी मोजली.

"पंधरा! शाब्बास, मंडळी. आता निदान जनगणनेच्या दिवसापर्यंत कुणी आजारी पडायचं नाही, कुणी प्रेमात पडायचं नाही. तिसऱ्या सोमवारी कॉलेज तुमची डोकी मोजून सरकारला कळवतं. त्यानंतर तुम्ही मेलात तरी चालेल. मी तर मेलो तरी चालेल."

आजारी कुणी पडलं नाही.

फेब्रुवारीत खोऱ्यातल्या बदामाच्या बागा फुलल्या. ट्रक भरभरून मधमाश्यांची खोकी आली. अल्मेंद्रा कॉलेजच्या कुंपणापलीकडेच बाग होती. तिच्या बांधावर, फेंगच्या भावाच्या जुन्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून दोघं अभ्यासाला बसत. ओतिलियाला गणित येत नव्हतं. म्हणजे पुरेसं येत होतं, पण येत नाही असं दाखवलं की फेंग वही तिच्याकडे सरकवी आणि त्याचं कोपर तिच्या कोपराला लागे.

"पुन्हा सांग. हे समीकरण मुळात म्हणतंय काय?"

"हे बघ. एखादी गोष्ट किती आहे ते आपल्याला माहीत नसतं. ती किती वेगाने बदलतेय, तेवढंच दिसतं. त्यावरून ती गोष्ट शोधायची."

"आणि ती कुठून सुरू झाली, ते?"

"ते ठाऊक असावंच लागतं. नाहीतर एक उत्तर निघत नाही, ढीगभर निघतात."

"समज, सुरुवात... धुक्यात झाली असेल?"

वाऱ्याने पाकळ्या आल्या आणि वहीवर पडल्या. फेंगने फुंकर मारली. त्या वहीवरून उडून तिच्या केसांत बसल्या. त्याने हात पुढे केला... मध्येच थांबवला... आणि त्याच हाताने पेन्सिलीला उगाचच टोक काढलं.

"काढ की," ती समोर बागेकडे बघत म्हणाली. "मधमाश्या येतील."

त्याने एकेक पाकळी काढली. सात होत्या. पुरी पंधरा मिनिटं लागली. त्या दिवशी तिसरं गणित अर्धवटच राहिलं आणि बेद्रोसियन सरांनी दोघांच्याही वहीत त्याच ओळीवर तांबडी रेघ मारून समासात लिहिलं: "इथे दोघांचं लक्ष एकाच वेळी कुठे गेलं?"

शनिवारी ती बाजारात त्याच्या आईच्या भाजीच्या टेबलापाशी गेली. आई बुटकी, काटक, तोंडाला फडकं बांधलेली. दोन वाक्यांत एकदा खोकणारी. तिने ओतिलियाला आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तुझं कूळ कुठलं?"

"सेपेदा."

"ती म्हणतेय, मुआ नाही ना?"

"माझ्या माहितीप्रमाणे तरी नाही."

आईने मान हलवली आणि पालकाच्या जुड्या बांधायला घेतल्या.

"काय म्हणाल्या?" ओतिलियाने कुजबुजत विचारलं.

"म्हणाली, एकाच कुळात नको, बाकी जग मोकळं आहे." फेंगने डोकं खाजवलं. "आणि विद्यापीठाबद्दल म्हणाली की, ही पोरगी तुला लांब धाडायच्या कामावर आहे ना? मग हिला मी भाजी फुकट देणार नाही."

ओतिलियाने पूर्ण भावाने दोन जुड्या घेतल्या. आईने मोजून दिल्या. एकही काडी जास्त नाही.

ओतिलियाच्या घरी तिने अजून काही सांगितलं नव्हतं. बाबा डेअरीत पहाटे तीनला दूध काढायला जात. त्यांनी एकदा फक्त विचारलं, "मिहा, पोरी, इतिहासाला गणित लागतं होय?"

"हल्ली लागतं, पापा."

"बरं," बाबा म्हणाले. "तुला हसताना बघून बरं वाटतं. इतिहासात हसण्यासारखं असेल काही, असं मला वाटलं नव्हतं."

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी चारला ओतिलियाला कॉलेजकडून एक पत्र आलं. संगणकावरच, तीन ओळींचं. इंग्रजी लेखनाचा आठ आठवड्यांचा वर्ग पुरेशा नोंदणीअभावी रद्द करण्यात येत आहे. नोंदणी: चौदा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पर्यायांसाठी कृपया ट्रान्सफर सेंटरशी संपर्क साधावा.

ट्रान्सफर सेंटरमध्ये त्या वेळी ओतिलियाशिवाय कुणी नव्हतं. तिने स्वतःशी संपर्क साधला. ती अकरा कॉलेजांच्या ऑनलाइन वर्गांतून फिरली. नऊ भरलेले. दहाव्याच्या प्रतीक्षायादीत चाळीस जण. अकराव्यात जागा होती. वर्ग पाच दिवसांनी सुरू होणार होता आणि बाहेरच्या विद्यार्थ्याची कागदपत्रं तपासायला त्यांना कामाचे दहा दिवस लागणार होते. उन्हाळ्यात केलेला विषय विद्यापीठाला चालत नाही. जे काही उरलंय ते वसंताच्या, म्हणजे मेमध्ये संपणाऱ्या सत्रातच संपवायचं. हे तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

फेंग वहीतलं काही विचारायला आला आणि तिच्या खांद्यावरून पडदा वाचून गेला.

"चौदा? मग एकच हवाय ना? मी घेतो. मी होतो पंधरावा! सरक."

त्याने नोंदणी उघडली, विषयाचा क्रमांक टाकला, बटण दाबलं. तांबडी पट्टी आली: आपण हा विषय यापूर्वी उत्तीर्ण झाला आहात. पुन्हा घेता येणार नाही. त्याने परत दाबलं. परत तेच.

"तीन वर्षांपूर्वी मला क मिळाला होता," तो म्हणाला. "काठावर."

"नापास झाला असतास तर आज कामाला आला असतास." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही.

"पण तू हा आधी का नाही घेतलास? जानेवारीत होता ना..." तो थांबला. सोमवार, बुधवार, अकरा. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उतरत गेलं. "ओतिलिया. तुला गणित आवडतं ना?"

तिने टेबलावरचे कागद गोळा करायला घेतले.

"लहानपणापासून?"

"आता जा, फेंग. पाचला बंद करायचंय."

"साडेचार वाजलेत."

"मग साडेचारला बंद करतेय."

एप्रिलच्या अखेरीस दोघांनाही विद्यापीठाची पत्रं आली. दोघांनाही प्रवेश, दोघांनाही अट: राहिलेला विषय याच सत्रात पूर्ण व्हावा. नियम असा की सत्रात काही बदल झाला तर तो स्वतःहून कळवायचा. बरीच मुलं तो लपवत आणि जुलैत रडत येत. ओतिलिया त्यांना टिश्यूचा डबा आणि नियमाचा कागद, या क्रमाने देत असे. तिने स्वतःचा बदल त्याच दिवशी कळवला. कारण लिहायला पाच ओळींची जागा होती. 'वर्ग रद्द झाला' हे तिने लिहिलं. आधीचा वर्ग का सोडला, ते पाच ओळींत बसत नव्हतं.

मेमध्ये उत्तर आलं. प्रवेश मागे घेण्यात आला होता. तिने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केल्यास विद्यापीठाला आनंदच होणार होता.

गणितात मात्र तिला ब मिळाला. बेद्रोसियन सर पेपर देताना म्हणाले, "सेपेदा, तू तर इतिहासवाली. हा विषय तुझ्या पदवीत कुठेच मोजला जाणार नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं शिकवतोय. इथे विषयाच्या प्रेमासाठी आलेलं कुणी बघितलं नाही. तूही त्यातली नाहीस. पण आलीस." मग त्यांनी चष्मा परत घातला. त्यांना दीडला दुसऱ्या गावात पोचायचं होतं.

विद्यापीठाला होकार कळवायची शेवटची तारीख एक जून. त्या दिवशी सेंटरबाहेर रांग लागली. आत तीनच खुर्च्या, म्हणून बाकीचे उन्हात. मुलं दारातल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घेत आणि ओतिलिया आतून पुकारे.

"एकतीस!"

फेंग आत आला. चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्याने रीतसर रांग लावली होती.

"होकार कळवलास?"

"नाही."

"रात्री बारापर्यंत आहे. पण शेवटच्या तासात यंत्रणा बसते, दरवर्षी. आत्ता कर."

"मी जात नाही." त्याने हे वाक्य पाठ केलेलं दिसत होतं. "वर्षभर भावाबरोबर नोकरी करतो. आईजवळ राहतो. नोव्हेंबरात दोघं मिळून पुन्हा अर्ज करू. दोघं मिळून जाऊ."

"तुरुंगात वर्षभरासाठी कुणी जात नाही, फेंग. आत राहायलाही नाही आणि दार लावायलाही नाही. तुझा भाऊ किती वर्षांसाठी गेला होता?"

"दोन."

"आणि किती झाली?"

"नऊ."

"तू जागा सोडलीस तर ती मला मिळत नाही. प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी जाते, त्याला आपली नावंही माहीत नसतात. तू राहिलास तर आपण दोघंही इथं. तू गेलास तर एकजण तरी तिथं. हे एवढं गणित मला येतं."

"मग एक सांग." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांत मळ्याची माती होती. "पंधरावी का झालीस? खरं सांग. नाहीतर मी इथून उठत नाही, आणि बाहेर चौदा जण उन्हात आहेत."

ओतिलियाने दाराकडे पाहिलं. जाळीच्या दाराबाहेर सगळे जण पायांकडे बघत होते. ऐकू येत नाहीये असं दाखवायची ती पद्धत.

"त्या शुक्रवारी तू म्हणालास ना..." ती सावकाश म्हणाली, "की चार दिवस कुणीतरी तुला शोधतंय असं वाटलं. तू गेल्यावर मी बसले होते. आणि मला वाटलं, पाच वाजता हा वर्ग रद्द होईल आणि हा माणूस दारं लावत म्हातारा होईल, आणि मी रोज ह्या टेबलाशी बसून... मला ते सोसवलं नसतं. तेव्हा प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. गवती चहा होता. प्रेम नंतर झालं, बांधावर. तिसऱ्या गणितात. आता आहे. खूप आहे. मिळालं उत्तर? आता दाब ते बटण."

फेंगचे डोळे भरले. त्याने ते पुसायला हात उचलला आणि कपाळाला माती लागली.

"मला तर त्या पहिल्या सोमवारीच..." तो म्हणाला. "तू दिवा लावून वळलीस तेव्हा. संगणक सुरू व्हायला चार मिनिटं लागली. मी देवाकडे पाचवं मागत होतो."

"दाब, फेंग."

"तूही हात लाव."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून बटण दाबलं. पडदा थोडा वेळ पांढरा राहिला. मग अभिनंदनाची अक्षरं आली. तिने पोचवलेल्यांत तो ब्याण्णवावा होता. बाहेरून कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि मग लाजून थांबलं.

"बत्तीस!" ओतिलियाने पुकारलं. आवाज फुटला होता. बत्तिसावी मुलगी आत आली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टिश्यूचा डबा टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला सरकवला.

ऑगस्टात फेंगची बस होती. एकशे सहा अंश. माणसाला चढले तर दवाखान्यात नेतात. खोऱ्याला चढले तर त्याला ऑगस्ट म्हणतात. पूर्वेच्या डोंगरात वणवा लागला होता आणि बसथांब्यावर बारीक राख पडत होती. आई आली नव्हती. सोडायला आलेल्या भावाला शेजाऱ्यांनी विचारलं तर त्याने सांगितलं की ती दोन दिवस जेवली नाही, पण मुलाची पिशवी तिनेच भरली.

"नोव्हेंबरात अर्ज करशील ना?"

"करीन."

"विद्यापीठाला म्हणतोय मी."

"मग दुसऱ्या कुणाला करायचाय?"

"मला करायची गरज नाही. तुझी जागा पक्की आहे."

"बिनशर्त?"

"बिनशर्त."

"बिनशर्त कुणी देत नाही, फेंग. मी याच धंद्यात आहे. अट सांग."

त्याने तिच्या भुवईवरची राख अंगठ्याने पुसली. थोडी उरली, म्हणून पुन्हा पुसली. मग नव्हतीच, तरी पुसली.

"फोन केला की उचलायचा," तो म्हणाला. "रडत असलीस तरी."

"आणि घेतलंच नाही मला, पुढच्या वर्षीही? नियम बदलले, वर्ग रद्द झाला, काहीही होतं. मी बघते ना रोज."

"तर..." त्याने बसकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याला जमत नसे. "तर मला माहीत नाही, ओतिलिया."

"बरं झालं," ती म्हणाली. "'सगळं नीट होईल' म्हणाला असतास तर मी तुला बसमध्ये चढू दिलं नसतं."

चालकाने भोंगा दिला. फेंगने तिला जवळ घेतलं, तिथेच, सगळ्यांदेखत, इतकं घट्ट की तिच्या खिशातल्या चाव्या दोघांनाही टोचल्या. दोघांनीही त्या बाजूला केल्या नाहीत. मग तो चढला. बस निघाली, वळली, धुरात दिसेनाशी झाली.

ओतिलिया गाडीत येऊन बसली. दोन वाजता कॉलेजात नव्या मुलांचं स्वागत होतं आणि ते तिला करायचं होतं. रडायला दहा मिनिटं होती. तिने ती पुरेपूर वापरायला घेतली.

सातव्या मिनिटाला फोन वाजला. बस अजून गावच्या शेवटच्या सिग्नलपाशीही पोचली नसेल.

तिने उचलला.